अंगातलं लोखंड

दोस्तांनो, शिरोड्याला कधी गेला आहात का? सिंधुदुर्ग जिल्ह्यात, वेंगुर्ले तालुक्यात, अगदी समुद्राला चिकटून असलेलं हे गाव. वेळागरचा लांबच लांब किनारा, सुरूची झाडं आणि मिठागरं. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षं इथल्याच शाळेत शिकवत होते. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, तोही इथे. त्यामुळे शिरोडं म्हटलं की लोकांना मीठ आठवतं. मला मात्र आज तुमच्याशी लोखंडाबद्दल बोलायचंय.

शिरोड्याहून दक्षिणेला निघालात की थोड्याच वेळात रेडी लागतं. तिथे लोहखनिजाच्या खाणी आहेत. वर्षानुवर्षं तिथलं खनिज बोटींत भरून परदेशी गेलं. पावसाळ्यात त्या बाजूला चालून या, चपला, पायजमा, पोटऱ्या, सगळं तांबडं होऊन जातं! हा रंग लोखंडाचा. आणि गंमत अशी, की तुमच्या-आमच्या रक्ताला जो लाल रंग आहे, तोही लोखंडाच्याच मदतीनं आलेला आहे. तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं, त्याच्या पोटात लोखंडाचे अणू बसलेले असतात आणि श्वासातला प्राणवायू त्या अणूंना धरून साऱ्या शरीरभर फिरतो.

मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून लोखंड किती असेल? पाच किलो? एक किलो? छे! फक्त तीन ते चार ग्रॅम. वितळवलं तर एक बऱ्यापैकी खिळा होईल. त्यातलं साधारण दोन तृतीयांश एकट्या हिमोग्लोबिनमध्ये असतं. तांबडी पेशी जगते सुमारे १२० दिवस. ती मेली की तिच्यातलं लोखंड शरीर टाकून देत नाही, पुन्हा नव्या पेशीसाठी वापरतं. घरातली जुनी पत्र्याची बादलीसुद्धा आजी अशीच टाकत नाही, तिच्यात तुळस लावते, तसंच! बाहेर जातं ते रोज जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम, आणि तेवढंच आतड्यांतून आत घेतलं जातं.

आता पुढचा मुद्दा नीट लक्षात ठेवा, कारण सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. जास्तीचं लोखंड बाहेर टाकायची शरीरात सोयच नाही. जास्तीचं मीठ लघवीतून, घामातून जातं. लोखंड तसं जात नाही. एकदा आत आलं की आलं.

मग शरीर काय करतं? मिठागरात करतात तेच. भरतीला खाडीचं पाणी आगरात घ्यायचं आणि पुरेसं झालं की दार लावून टाकायचं. दार उघडं राहिलं तर सगळं आगर बुडालं म्हणून समजा. आपल्या शरीरात हे दार लावायचं काम हेप्सिडिन नावाचा एक पदार्थ करतो. तो यकृतात तयार होतो. साठा पुरेसा झाला की हेप्सिडिन वाढतं आणि आतड्यातून येणारं लोखंड थांबतं. साठा कमी पडला की हेप्सिडिन कमी होतं, दार उघडतं. इतकी महत्त्वाची गोष्ट, पण शास्त्रज्ञांना तिचा पत्ता लागला तो २००० सालाच्या आसपास. म्हणजे तुमचे आई-बाबा शाळेत होते तेव्हा त्यांच्या पुस्तकात ही नव्हती.

आता एक गोष्ट सांगतो. गोष्ट रचलेली आहे, बरं का. पण तिच्यात जे आकडे येतील तसे आकडे आपल्याकडच्या प्रयोगशाळांत रोज कुणाच्या ना कुणाच्या कागदावर लिहिले जातात.

समजा, शिरोड्यात एक मुलगी आहे. नववीत शिकणारी. तिला आपण नुसतं ताई म्हणू. ताई फिकट दिसते, शाळेची चढण चढताना दमते. शेजारच्या काकी आल्या की म्हणायच्या, "काय गो चेडवा, किती सुकलंस! तुझ्या आंगात रगात नाय." आणि मग आईकडे बघून, "आवशीवरच गेला हा चेडू." आईसुद्धा फिकटच होती. तेव्हा सगळ्या घरानं ठरवून टाकलेलं : दोष आईकडून आलाय. आई बिचारी ऐकून घ्यायची.

शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी मिळते, ती तुम्हालाही माहीत असेल. २०१३ पासून देशभर ही योजना आहे. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि जोडीला फॉलिक आम्ल. पण ताईला त्या गोळीनं मळमळायचं. मैत्रिणीनं सांगितलं होतं, शौचाला काळं होतं म्हणून. (होतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.) त्यामुळे ताईच्या निम्म्याअधिक गोळ्या शाळेमागच्या काजूच्या झाडाच्या बुंध्याशी गेल्या. काजू काही त्यानं लाल झाले नाहीत.

शेवटी एकदा रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.८. बाराच्या वर हवं. डॉक्टर म्हणाले, "लोह कमी पडतंय." आता इथेच बहुतेक ठिकाणी गोष्ट संपते. गोळ्या लिहून देतात आणि माणूस घरी जातो. पण या डॉक्टरांनी कागदावरचे आणखी दोन आकडे पाहिले. ते आकडे आपणही पाहू या.

एक आकडा एम.सी.व्ही. म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. ते ८० च्या वर असतं. ताईचं होतं ६१. म्हणजे पेशी बारीक. दुसरा, तांबड्या पेशींची संख्या. ती होती ५.३, म्हणजे एका घन मिलिमीटर रक्तात त्रेपन्न लाख. अरेच्चा! रक्त कमी म्हणताय आणि पेशी तर भरपूर?

विचार करा. पिठाची टंचाई असेल तर आई काय करील? भाकऱ्या लहान होतील आणि थोड्याही होतील. लोखंड कमी पडलं की असंच होतं. पेशी बारीक आणि संख्येनंही कमी. पण भाकऱ्या लहान, आणि चळत मात्र नेहमीएवढी किंवा जास्तच उंच, असं दिसलं तर? तर गडबड पिठात नाही, थापण्यात आहे. हिमोग्लोबिन बनवण्याची जी कृती जन्मतः पेशीत लिहिलेली असते, त्या कृतीतच एक चूक आहे.

डॉक्टर लोक एक सोपा भागाकार करतात. एम.सी.व्ही.ला पेशींच्या संख्येनं भागायचं. उत्तर तेराच्या वर आलं तर संशय लोहाच्या कमतरतेवर, तेराच्या खाली आलं तर कृतीतल्या चुकीवर. ताईचं करून पाहा : ६१ भागिले ५.३. साडेअकरा! हा नुसता इशारा असतो, निकाल नव्हे. पण इशारा मिळाला.

त्या कृतीतल्या चुकीचं नाव थॅलेसेमिया. नाव परकं वाटतं, पण शिरोडेकरांना ते आवडायला हरकत नाही. ग्रीक भाषेत 'थॅलासा' म्हणजे समुद्र! अमेरिकेतले डॉक्टर कूली यांनी १९२५ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. त्यांच्याकडची आजारी मुलं भूमध्य समुद्राकाठच्या देशांतून आलेल्या घरांतली होती, म्हणून १९३२ मध्ये दुसऱ्या दोन डॉक्टरांनी समुद्रावरून हे नाव ठेवलं. नाव तसं फसवं. १९३८ मध्ये कलकत्त्याच्या एका डॉक्टरांनी आपल्याकडचाही रुग्ण नोंदवला. हा आजार आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, थायलंडमध्ये आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात रक्ताच्या आजारांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून रक्त तपासून २०१० मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. महाराष्ट्रात दर शंभर माणसांत एक ते सहा जणांकडे ही चूक सापडली. कुठे एक, कुठे सहा. म्हणजे तुमच्या शाळेच्या प्रार्थनेला हजार मुलं उभी राहत असतील, तर त्यांत दहा तरी असतील, आणि त्यांना स्वतःला ठाऊकही नसेल.

एवढी चूक, तर ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली कशी? याचं उत्तर सुचवलं जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञानं, १९४९ मध्ये. (हे पुढे इंग्लंड सोडून भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.) त्यांचं म्हणणं, जिथे हिवताप फार, तिथेच ही चूक जास्त दिसते. कारण चूक अर्धीच असेल तर हिवतापाचे जंतू त्या माणसाला सहजासहजी मारू शकत नाहीत. जंगलभागात दिसणारा सिकलसेल हा रक्ताचा दुसरा आजारही याच कारणानं टिकला. तेव्हा ही चूक म्हणजे एका काळी आपल्या खापरपणजोबांना वाचवणारं चिलखत होतं.

चूक 'अर्धी' म्हणजे काय? हिमोग्लोबिनची कृती प्रत्येकाकडे दोन प्रतींत असते, एक आईकडून आलेली, एक बाबांकडून. एका प्रतीत चूक असली तर दुसरी काम भागवते. असा माणूस थॅलेसेमिया मायनर, म्हणजे वाहक. तो धावतो, पोहतो, गलबत हाकतो, म्हातारा होतो. तो आजारी नाही! दोन्ही प्रतींत चूक असली तर मात्र थॅलेसेमिया मेजर.

आता खिशातून दोन नाणी काढा. एक आई, एक बाबा. दोघेही वाहक आहेत असं धरा. छापा म्हणजे चांगली प्रत, काटा म्हणजे चुकीची. दोन्ही एकदम उडवा. दोन काटे आले तर मेजर. चाळीस वेळा उडवून वहीत मांडा, दहाच्या आसपास वेळा दोन काटे येतील. चारात एक. आणि हे प्रत्येक बाळाच्या वेळी नव्यानं. पहिलं बाळ मेजर झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नाण्याला कळत नाही.

मेजर असलेलं बाळ जन्मतः छान असतं. सहा महिन्यांनंतर, दोन वर्षांच्या आत, ते पांढरंफटक पडू लागतं. मग दर दोन ते चार आठवड्यांनी त्याला दुसऱ्याचं रक्त द्यावं लागतं. जन्मभर. आणि इथे आपलं लोखंड परत येतं. रक्ताच्या एका पिशवीत साधारण २०० मिलिग्रॅम लोखंड असतं. मोठ्या मुलाला महिन्याला दोन पिशव्या लागल्या तर वर्षाचा हिशेब करा. जवळजवळ पाच ग्रॅम! धडधाकट माणसाच्या अख्ख्या अंगात असतं त्याहून जास्त, एका वर्षात. आणि बाहेर जायला वाट नाही. ते यकृतात साठतं, हृदयात साठतं, शरीराची वाढ करणाऱ्या ग्रंथींत साठतं. वर्गातली मुलं उंच होतात, हे मूल मागे राहतं. रक्त न मिळाल्यानं नव्हे, रक्तातून आलेल्या लोखंडानं पूर्वी या मुलांचा जीव जाई.

त्यात आणखी एक विपरीत प्रकार. रक्त न देताही थॅलेसेमियाच्या आजाऱ्यात लोखंड वाढतं. हाडांतला मगज घाईघाईनं बिघडलेल्या पेशी बनवत असतो आणि सारखा निरोप धाडतो, 'लोखंड पाठवा, लोखंड पाठवा!' हा निरोप्या कोण, ते २०१४ मध्ये सापडलं. तो हेप्सिडिनला गप्प बसवतो. आगर तुडुंब भरलेलं, आणि दार सताड उघडं.

हे लोखंड काढायचं कसं? १९६० च्या दशकात एक औषध आलं, पण ते पोटातून घेऊन भागत नसे. रोज रात्री पोटाच्या कातडीखाली सुई टोचून, छोटा पंप बांधून, आठ ते बारा तास ते आत सोडायचं. आठवड्यातून पाच-सहा रात्री. तुमच्याएवढ्या मुलांनी अशी वर्षंच्या वर्षं काढलीत. शिवाय औषध इतकं महाग, की आपल्याकडे फार थोड्यांना परवडे. मग इंग्लंडमध्ये तोंडानं घ्यायचं औषध शोधलं गेलं, डेफेरिप्रोन. युरोप-अमेरिकेत त्यावर वाद चालू असताना मुंबईच्या डॉक्टरांनी इथल्या मुलांवर त्याच्या चाचण्या केल्या, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यात या औषधाला सर्वांत आधी परवानगी मिळाली ती भारतात. युरोपात ती १९९९ मध्ये मिळाली, अमेरिकेत २०११ मध्ये! मला विचाराल तर ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हवी. नंतर आणखीही गोळ्या निघाल्या. आता नियमित रक्त आणि नियमित गोळ्या मिळालेली मेजरची मुलं कॉलेजात जातात, नोकऱ्या करतात. जुळणाऱ्या भावंडाच्या मगजातल्या मूलपेशी देऊन आजार बराही करता येतो. पण सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता पुन्हा चारात एकच.

आता गंमत पाहा. युरोपात असंही एक घराणेशाहीचं दुखणं आहे की रक्त अगदी ठणठणीत, पण दारच नीट लागत नाही. त्याला हिमोक्रोमॅटोसिस म्हणतात. आयर्लंडमध्ये ते फार. त्याचं जनुक १९९६ मध्ये सापडलं. त्यावरचा उपाय ऐकून हसू येईल : पाटावर बसवून (बरं, खाटेवर) रक्त काढून टाकतात! पिशवीभर रक्त काढलं की तेच आपलं दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम लोखंड गेलं. एकाला पिशवी चढवायची, एकाची पिशवी उतरवायची, हिशेब तोच.

आयर्लंडवाल्यांची ती मोठी चूक आपल्याकडे जवळपास आढळतच नाही. पण त्याच जनुकातली एक धाकटी, सौम्य चूक आपल्या लोकांत बऱ्यापैकी आहे. एकटी असली तर ती सहसा काही करत नाही. मग तिची आठवण कशाला? कारण रक्ताची चूक आणि लोखंडाची चूक एकाच घरात येऊ शकतात. दोन्ही जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत. रक्ताचं अकराव्यावर, लोखंडाचं सहाव्यावर. म्हणून ती हातात हात घालून येत नाहीत, प्रत्येकाचं नाणं वेगळं उडतं. बाबांकडे एक आणि आईकडे दुसरी असेल तर चार मुलांत सरासरी एकाकडे दोन्ही, एकाकडे फक्त रक्ताची, एकाकडे फक्त लोखंडाची, आणि एकाकडे काहीच नाही. इटलीतल्या सार्डिनिया बेटावर २००२ मध्ये पाहिलं गेलं, की थॅलेसेमियाच्या ज्या वाहकांकडे ही लोखंडाची सौम्य चूक दोन्ही प्रतींत होती, त्यांच्या अंगात इतर वाहकांपेक्षा लोखंड जास्त साठलं होतं. अशा माणसाला 'फिकट दिसतोस' म्हणून वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या दिल्या तर? भरलेल्या आगरात बादलीनं पाणी ओतण्यातला प्रकार.

म्हणून लोखंडाचा साठा मोजायची एक वेगळी तपासणी असते, फेरिटिन. ताईच्या डॉक्टरांनी ती करायला सांगितली. सोबत हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी दुसरी तपासणी. त्यात ए-टू नावाचा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर गेला तर माणूस वाहक.

निकाल आला. फेरिटिन ८, म्हणजे साठा संपलेला. आणि ए-टू बरोब्बर ३.५. धड इकडे नाही, धड तिकडे नाही!

घरचे वैतागले. पण डॉक्टर हसले. लोखंड कमी असलं की ए-टूचा आकडा खोटाच खाली येतो आणि वाहक लपून राहतो. आधी लोखंड भरून काढू, मग पुन्हा विचारू. या वेळी ताईनं गोळ्या खरोखरच गिळल्या. जेवणाबरोबर चहा बंद केला, कारण चहा अन्नातलं लोह शोषू देत नाही. लिंबू पिळलेलं, आवळा घातलेलं काही ना काही रोज ताटात. तीन महिन्यांनी पाहिलं, हिमोग्लोबिन ११.१. फेरिटिन ३५, साठा भरलेला. आणि ए-टू ४.३! ताई वाहकही होती आणि तिला लोखंडही कमी होतं. दोन्ही खरं होतं. आता तिचं हिमोग्लोबिन अकराच्या आसपासच राहणार, तेच तिचं नेहमीचं. तिथून पुढे उगाच गोळ्यांचा मारा नको. (म्हणून कुणी शाळेतली निळी गोळी आजपासून काजूच्या झाडाला घालू नका हं! आपल्याकडच्या बहुतेक फिकट मुलामुलींना खरोखरच लोह कमी असतं. शंका आली तर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना ते दोन आकडे दाखवा.)

मग घरातल्या सगळ्यांचं रक्त घेतलं. आईचं हिमोग्लोबिन ९.५, एम.सी.व्ही. ७०, पेशी ४.२. भागाकार तुम्हीच करा. आई वाहक नव्हतीच. तिला फक्त लोखंड कमी होतं. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या कितीतरी आयांना असतं, तसं.

आणि बाबा? मिठागरात उन्हातान्हात राबणारे, कधी सुट्टी न घेणारे, ज्यांच्याकडे पाहून 'आंगात रगात नाय' असं कुणी स्वप्नातही म्हटलं नसतं ते बाबा? हिमोग्लोबिन १३.२, एम.सी.व्ही. ६६, पेशी ६.२, ए-टू ५.१.

घरात थोडा वेळ कुणी बोललं नाही. आईनं कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवला. ताई म्हणाली, "म्हणजे माझ्या लग्नाच्या वेळी समोरच्याचं रक्त तपासायचं." बाबा म्हणाले, "तुझां लगीन ऱ्हवूं दे. माझ्या भावांचां आदी बघूंक व्हयां." मुंबईच्या काकाच्या मुलाचं लग्न मे महिन्यात ठरलं होतं, आणि मुलगी नात्यातलीच होती. नात्यात चूक सारखी असण्याचा संभव जास्त. वाहकानं लग्न करू नये असं मुळीच नाही, बरं का. दुसरा वाहक नसला म्हणजे मेजरची भीती उरत नाही. आणि दोघे असलेच, तर बाळ जन्मण्याआधी गर्भाची तपासणी करण्याची सोय आपल्याकडे १९८० च्या दशकापासून आहे.

बाबा फोन लावायला उठले. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली आजी, म्हणजे बाबांची आई, जी इतकी वर्षं सुनेला 'आवशीवर गेला' हे ऐकू देत होती, ती पदर सावरत म्हणाली, "माझां पन रगात काडून घेवा. खंयसून इला तां कळूं दे तरी."